मुका वर्ग

आमच्या कुत्र्यांच्या स्पर्धेत मुका वर्ग सुरू करा, असं माझ्या थोरल्या भावाने सुचवलं तेव्हा बैठकीतले सगळे पोट धरून हसले. मी हसले नाही.

भावाचा आवाज बडनेऱ्याच्या शिवारात कोणालाही विचारा, ठाऊक होता. आमचं घर भाजीपाला आणि शेवंती लावणारं. सकाळी तो अमरावतीच्या बाजारात भाजीची हर्रास बोलायचा, म्हणजे लिलाव पुकारायचा. संध्याकाळी वावरात आपल्या लाल गावठी कुत्रीला अडथळ्यांवरून पळवायचा. बांबूचे आडवे दांडे, पोत्यांचा बोगदा, एक सी-सॉ. कुत्रं पळतं, माणूस बाजूने पळतो आणि पुढे कुठे जायचं ते सांगत राहतो, एवढाच हा खेळ. भाऊ नुसता सांगायचा नाही, अख्खं शिवार उठवायचा. "चाल माय, चाल. घुस आतमंदी." मी अकोल्यात शाळेवर खेळाची शिक्षिका, सासर जुन्या शहरात. माहेरी गेले की वावर दिसायच्या आधी त्याचा आवाज यायचा, आणि मला बरं वाटायचं.

पावसाळ्यात तो आवाज बसला. घसा काय, बसतोच कधीकधी. वहिनीने हळद-दूध दिलं, ज्येष्ठमध दिलं. पोळा झाला, दसरा झाला, आवाज काही उठेना. गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा मात्र तसाच. मी म्हणायची, थुंक तो आधी. तो हसून दुसऱ्या गालात सरकवायचा. मला असा संताप यायचा की सांगता सोय नाही. आमचे वडील याच खर्ऱ्यापायी गेले, आणि हा बसलाय चघळत.

ती बैठक बडनेऱ्यातच होती. अमरावती आणि अकोला मिळून आमची स्पर्धा, पण दरवर्षी तोच एक वर्ग, तेच अडथळे. लोक कंटाळले होते. म्हणून नवे प्रकार आणायचे ठरलं. कोणी जोडीचा वर्ग सुचवला, एक कुत्रं परत आलं की दुसऱ्याने सुटायचं. कोणी रेघेमागचा सुचवला, माणसाने चुन्याच्या रेघेमागे उभं राहायचं आणि कुत्र्याने लांबून ऐकायचं. दोन्ही मंजूर झाले. मग भावाने हात वर केला आणि खरवडल्यासारख्या आवाजात म्हणाला, "एक मुका वर्ग ठेवा. माणसानं बोलाचं नाई. नुसता हात."

"तुह्यासाठी तं तो फाशीचा वर्ग होईन," कोणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला.

मला स्टेशनवर सोडायला तो आला. गाडीला वेळ होता. मी सरळच विचारलं, "भाऊ, काहून पाहिजे तुले तो वर्ग?"

"नवं काई करावं म्हटलं."

"मले शिकवू नको. आवाज येत नाई म्हणून पाहिजे ना? लोकाइले कळू नये म्हणून?"

तो रुळांकडे पाहत म्हणाला, "माहा आवाज हाय वं. राखून ठेवला हाय. लागला तं निंघते."

तेव्हा मी त्याला अडकवला. नियम लिहिणारी मी, मैदान माझ्या शाळेचं. म्हटलं, वर्ग ठेवते, पण स्पर्धा संपली की त्याच दिवशी, त्याच पावली माझ्यासोबत अकोल्यात मोर्णा नदीच्या पुलापलीकडे घशाच्या डॉक्टरकडे चालायचं. आधीच चल म्हणून किती डोकं आपटलं, पण स्पर्धेआधी नाही यावर तो अडून बसला. "झाली की येतो," म्हणाला. मी त्याला कुत्रीची शपथ घ्यायला लावली, कारण आमच्या शपथांना तो भीक घालत नव्हता.

मधे एकदा न सांगता-सवरता वावरात गेले. वावराच्या कडेला, धुऱ्यावर पोचले तरी काही ऐकू येईना. मला वाटलं, कोणीच नाही. पाहते तर शेवंतीच्या वाफ्याजवळ भाऊ पळतोय, कुत्री पळतेय, आणि आवाज फक्त तिच्या पायांचा. त्याने बोट वळवलं की ती वळायची, तळवा दाखवला की थांबायची. आधी ती पळतापळता त्याच्या तोंडाकडे बघायची. आता तिचं तोंडाकडे लक्षच नव्हतं. वहिनी बांधावर शेंगा निवडत होती. ती म्हणाली, "घरातबी असंच चालू हाय. पाणी पाहिजे तं हात करते." मला तिथे थांबवेना.

हर्राशीलाही तो जाईनासा झाला होता. बाजारात विचारलं तर म्हणे, सुटी घेतली. ज्या माणसाने तापातही बाजार चुकवला नाही, तो सुटी घेतो? मी दिवस मोजत बसले आणि नवऱ्यावर विनाकारण खेकसत राहिले.

स्पर्धा आमच्या शाळेच्या मैदानावर झाली. जोडीचा वर्ग झाला, रेघेमागचा झाला, लोकांनी शिट्ट्या मारून मैदान डोक्यावर घेतलं. मग मुका वर्ग. पंच होते एक निवृत्त रेल्वे गार्ड, कानाचे तिखट. त्यांनी माइकवरून नियम वाचला: माणसाच्या तोंडून शब्द निघाला, शीळ निघाली, नुसतं हूं जरी निघालं, तरी बाद. प्रेक्षकांनीही गप्प बसायचं. आमच्याकडे एवढी माणसं गप्प बसतात ती फक्त मयतीला. मला ते मैदान बघवत नव्हतं. मी घड्याळ घेऊन सी-सॉच्या पलीकडे उभी राहिले.

पहिले बरेच जण बाद झाले. सवयच ती, तोंडातून 'ये' निघून जायचं. मग भाऊ उतरला. कुत्री दांड्यांवरून गेली, बोगद्यातून निघाली, कुठे अडली नाही. पुढे सी-सॉ. भाऊ फळीच्या पुढे निघून माझ्या बाजूला आला होता, तिच्याकडे पाठ. ती फळीवर चढली आणि खालचा टेकू मातीत एका बाजूला कलला. मी ओरडणार तोच त्याने वळून पाहिलं. कुत्री पायांखाली बघत होती, त्याचा हात तिला दिसत नव्हता.

त्याने तोंड उघडलं. पुरतं उघडलं, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, छाती वर आली. तो जिवाच्या आकांताने ओरडत होता, माझ्यापासून हातभर अंतरावर. आणि मला ऐकू आली ती फक्त हवा.

फळी तिरपी झाली. कुत्रीने पंजे रोवले, अंग सावरलं, फळीसोबत खाली आली आणि उडी मारून सुटली. शेवटचे दांडे तिने एकटीनेच पार केले. भाऊ होता तिथेच उभा होता. पंचांनी हिरवा झेंडा वर केला. एकही आवाज नाही, एकही चूक नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला.

भाऊ माझ्याजवळ आला. ओठ माझ्या कानाशी आणून म्हणाला, "मले बाद कर. म्या हाक मारली."

"कोणाले ऐकू आली?" मी म्हटलं.

"थेच तं सांगून राह्यलो," तो म्हणाला.

त्याने गालातला खर्रा काढून मातीत टाकला. मग फाटकाशी लावलेल्या माझ्या स्कूटरकडे गेला आणि मागच्या सीटवर जाऊन बसला. मी पुढे बसून काही म्हणायच्या आत कुत्री माझ्या पायांपाशी चढली. उभ्या जन्मात तो कधी माझ्या मागे बसला नव्हता. मी चावी लावली तेव्हा माइकवर मुक्या वर्गाचा निकाल सांगत होते. पहिला नंबर, आणि त्याचं नाव. कुठे आहात, आवाज द्या, म्हणाले. परत पुकारलं. मी स्कूटर मोर्णेच्या पुलाकडे काढली.