मेणातली चुरचुर

ताईंचा कान हीच त्या कारखान्याची पाटी होती. दारावर रंगवलेली पाटीही होती, पण ती कुणी वाचत नसे. धाकटा भाऊ लाकडातून बास गिटार घडवायचा आणि ताई तिच्यात जीव घालायच्या. हा जीव म्हणजे पिकअप. लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याची तार हजारो वेढे गुंडाळायची आणि ती पट्टी गिटारच्या तारांखाली बसवायची. मग तारांची थरथर विजेत उतरते आणि स्पीकरमधून आवाज होऊन बाहेर पडते.

ही विद्या ताईंनी वडिलांच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात उचलली. वडील अवेळी गेले तेव्हा घणघणत्या मोटारींच्या मधोमध बसून त्यांनी घर ओढलं आणि भावाला सुतारकाम शिकायला धाडलं. स्वतःच्या लग्नाचा विषय निघाला की "आधी बाळ्याचं मार्गी लागू दे" म्हणायच्या. बाळ्याचं लागलं. त्याचे केस पिकले, तरी तो बाळ्याच राहिला.

गुंडाळलेली तार आत सैल राहिली तर पिकअप खोड्या करतो. आवाज वाढवला की शिट्टी मारतो, जवळ कुणी बोललं तर मायक्रोफोनसारखं तेही उचलतो. म्हणून तो पातळ केलेल्या गरम मेणात बुडवायचा. वेढ्यांमधली हवा बाहेर पडताना बारीक चुरचुर होते. चुरचुर थांबली की मेण मुरलं. भांड्यावर झाकण असतं, त्यामुळे सगळी भिस्त कानावर. ताई झाकणाशी वाकून बसायच्या. "हल्लीचं मेण मोठं गुणाचं," त्या अलीकडे कौतुकाने सांगत, "बघता बघता मुरतं."

त्या खेपेला गिऱ्हाईक होते कवायतीचे मास्तर. सकाळी शाळेच्या मैदानावर शिट्टी फुंकायची, संध्याकाळी मित्रांबरोबर बास वाजवायचा. मैदानाच्या सवयीने त्यांचं कुजबुजणंही तिसऱ्या घरात पोचायचं. बरीच वर्षं दुसऱ्यांची वाद्यं वाजवून झाल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताच्या मापाचा बास घडवायला टाकला होता.

पिकअप निवडायला ते तीनदा आले. मानेकडचा लगेच ठरला, भरदार आणि गोल. तारा जिथे अडकवतात त्या बाजूचा मात्र ठरेना.

"ताई, हा टोचतो हो. सुई लावल्यासारखा."

"टोचत नाही, उजळ आहे. मास्तर, शिट्ट्या फुंकून फुंकून कान बसवून घेतलेत तुम्ही."

"असेल बुवा," मास्तर हसले. "तुमच्या कानापुढे आम्ही काय बोलणार." बाळ्या मात्र हसला नाही. रंध्याचं पातं पुसत राहिला.

जोडणीच्या दिवशी मास्तर सांगितल्या वेळेच्या आधीच हजर झाले. ताईंनी दोन्ही पिकअपच्या तारा आवाजाच्या बटणांना जोडल्या, कथलाचे डाग दिले, ओढून पाहिले. बास बाहेर टेबलावरच ठेवून वायर भिंतीतल्या भोकातून शेजारच्या खोलीतल्या स्पीकरपाशी नेली. प्लायवूडची ती छोटी खोली फक्त ऐकायची होती. ताई आत जाऊन दार लावून घ्यायच्या आणि कुणी वाजवण्याआधी वाद्याची शांतता ऐकायच्या. घरघर नाही, खरखर नाही, मगच बास पास.

त्यांनी स्पीकर चालू केला. शांतता होती. आणि त्या शांततेत मास्तर बोलले, अगदी खर्जात.

"मग तुम्ही त्यांना सांगत का नाही?"

ताई दचकल्या. आवाज भिंतीतून नव्हे, स्पीकरमधून येत होता. दोघे टेबलावर बासशी वाकून बोलत असणार.

"कसं सांगू?" हा बाळ्या. "तिच्यापाशी कानाशिवाय आहे काय दुसरं? ती जेवायला गेली की मी पिकअप सोडवून परत मेणात टाकतो. वर्ष होत आलं. आज तुम्ही लवकर आलात, जमलं नाही."

"त्यांना कळत नाही?"

"कळेल कसं, मास्तर? बारीक आवाज येतच नाहीत तिला. मोटारींनी खाल्ला तिचा कान."

ताई स्टुलावर बसल्या. पहिला विचार आला तो कामाचा. पिकअप बोलणं उचलतोय, म्हणजे मेण मुरलेलं नाही. पण मुरलं होतं की! चुरचुर थांबलेली त्यांनी स्वतः ऐकली होती. ऐकली होती की ती आलीच नव्हती?

मेण मुरलं नसेल तर शिट्टी वाजेल. त्यांनी आवाजाचं बटण हळूहळू पुरतं फिरवलं आणि श्वास धरून बसल्या. कानात नुसत्या गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं, बाकी शांत. त्यांना हायसं वाटलं. बाळ्या मेला काहीतरीच बरळतो. तेवढ्यात त्यांची नजर स्पीकरच्या मशीनवर, आवाज किती ते दाखवणाऱ्या काट्यावर गेली. काटा पार शेवटाला जाऊन थरथरत होता.

त्यांनी दार उघडलं. मास्तर दोन्ही हातांनी कान दाबून भिंतीला टेकले होते. बाळ्या तोंड वाकडं करून वायर उपटायला धावत होता. ताईंना त्याचे ओठ हलताना दिसत होते. त्या उंबऱ्यात उभ्याच राहिल्या.

बाळ्याने वायर काढली. काटा पडला. त्यांच्यासाठी काहीच बदललं नाही.

"ताई," बाळ्या म्हणाला. "तू... ऐकलंस?"

"तुम्हाला ऐकलं," ताई म्हणाल्या. "शिट्टी नाही ऐकली."



ताईंनी चष्मा चढवला, डाग द्यायचा तापलेला खिळा घेतला आणि स्वतःच दिलेले डाग स्वतःच सोडवले. पिकअप मेणात सोडून झाकण ठेवलं, समोर स्टूल ओढलं.

"ताई, मी करतो ना."

"तू नुसतं ऐक. थांबली की सांग."

दोघं भांड्याच्या दोन बाजूंना बसली. मास्तर दारात उभे राहिले. थोड्या वेळाने, नेहमीच्या अंदाजाने, ताईंचा हात झाकणाकडे गेला. बाळ्याने मनगट धरलं.

"अजून चालू आहे."

त्या थांबल्या. पुन्हा हात गेला.

"आता?"

"अजून आहे."

इतका वेळ. इतक्या वेळात त्या पूर्वी पिकअप काढून, पुसून, बसवूनही मोकळ्या होत. त्यांनी झाकणाकडे असं पाहिलं, जणू आत कुणी दुसराच राहायला आला होता.

"बारीक येतेय का रे?" त्यांनी विचारलं. "अगदी कान लावल्याशिवाय न कळण्यासारखी?"

बाळ्याने मास्तरांकडे पाहिलं. मग खोटं बोलायचं सोडून दिलं.

"नाही गं, ताई. त्यांना दारातसुद्धा ऐकू येतेय."