चावडीचा पलंग

गावची जुनी चावडी पाडून तिच्या लाकडांचा लिलाव पुकारला, तेव्हा बनाबाई बोली बोलेल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. साठी उलटलेली बाई, सारं आयुष्य अंगणवाडीत मदतनीस म्हणून गेलेलं. तिनं सागाचे चार खांब आणि दोन तुळया घेतल्या आणि पावतीची घडी करून कनवटीला लावली. दादाभाऊ त्या दिवशी लग्नाला गेला होता, म्हणून हे जमलं. दादाभाऊ म्हणजे गावातलं बडं घर. भीमाशंकरच्या वाटेवर त्याचं हॉटेल उभं राहत होतं आणि हेच खांब त्याला हॉटेलाच्या दारात हवे होते.

"आई, करायचंय काय ह्याचं?" लाकडं पिकअपमध्ये चढवताना मुलानं, संघर्षनं विचारलं.

"पलंग."

"पलंग? अगं, विहारात पुस्तकांचं कपाट करू. लोक नाव काढतील."

"कपाट तू कर की. मला ह्या लाकडावर पाय पसरून झोपायचंय."

संघर्षनं पुढचा खांब उचलला. आईचं खूळ कुठून आलंय हे त्याला ठाऊक होतं. बनाबाईचे सासरे चांगदेव हे चावडीचे राबते, वतनापोटी गावाची महारकी करणारे. वतन कागदावरून जाऊन वीस वर्षं लोटली होती, घरानं धम्म घेतला होता, तरी चावडीवरून हाळी आली की म्हातारा जायचा. नव्या नवरीपणी बनाबाई एकदा त्यांची भाकरी घेऊन गेली. आत जाजमावर मंडळी पान जुळवत बसलेली आणि सासरे बाहेर वळचणीला, पागोळ्या अंगावर घेत उभे. पायरीवरसुद्धा नाही. "मामा, आत का न्हाई जात?" तिनं विचारलं. "सवय हाय, पोरी," म्हातारा म्हणाला. त्या सवयीचा राग बनाबाईनं पंचेचाळीस वर्षं विझू दिला नाही. राखेखाली विस्तव झाकावा तसा झाकून ठेवला.

मंचरच्या रस्त्याला सोमाजीची वखार. त्याच्याकडे रंधा मशीन चांगली. सोमाजीनं खांबावरून हात फिरवला आणि मान हलवली. "मावशी, ह्यात खिळं लई. एक जरी पात्याला लागला तरी पात्याचे दात पडत्यात. न्हाई जमायचं."

"नारायणगावला नेऊ," संघर्ष म्हणाला.

"का? लाकूड काय चोरीचं हाय, लांब न्यायला?" बनाबाई म्हणाली.

लाकडं परत अंगणात आली. बनाबाईनं बिघडलेल्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढलं आणि खांबांवरून वीतभर वीतभर फिरवत नेलं. चुंबक जिथं चिकटलं तिथं खडूची खूण, मग जंबुरानं खिळा उपसायचा. हातानं घडवलेले बोटभर लांब चौकोनी खिळे होते, कंदील टांगायचे आकडे होते आणि शंभर वर्षांच्या नोटिसा ठोकलेल्या बारीक चुका तर मोजता येणार नाहीत इतक्या. चुका सर्वांत चिवट निघाल्या. आठ दिवसांनी खिळ्यांनी भरलेला डबा तिनं सोमाजीच्या टेबलावर रिता केला.

सोमाजीनं खांब उलटसुलट पाहिला. "खिळं गेलं, पण फटीत माती हाय. माती म्हंजे पात्याचा काळ."

बनाबाईनं तारेच्या ब्रशनं चार दिवस माती काढली. तिसऱ्यांदा पिकअप वखारीत आली तेव्हा सोमाजी म्हणाला, "लाकडानं पीळ खाल्लाय. गुण्यात बसायचं न्हाई."

नाचता येईना अंगण वाकडं! वाकडं लाकूड काटकोनात आणायलाच तर माणूस रंधा मशीन घेऊन बसतो.

"गुण्यात बसवायलाच आणलंय की," बनाबाई म्हणाली आणि वखारीच्या दारात, तुळईवर मांडी घालून बसली. दोन गिऱ्हाइकं कान टवकारून उभी राहिली. "सोमाजीभाऊ, लाकडाची सगळी दुखणी संपली. आता तुमचं काय दुखतंय ते सांगा."

सोमाजी वाईट माणूस नव्हता, भित्रा होता. भित्र्या माणसाला एवढ्याशा खिळ्याचाही केवढा आधार वाटतो! तो खाली बघत म्हणाला, "दादाभाऊंचा फोन व्हता. हॉटेलाचं समदं काम माझ्याकडं हाय, मावशी."

"मंग पहिल्याच दिशी तसं सांगायचं व्हतं." तिनं दोन्ही हात पुढं केले. बोटं फुटली होती, एका नखाखाली रक्त साकळलं होतं. "हे तरी वाचलं असतं."

सोमाजीनं त्या हातांकडे पाहिलं. एक गिऱ्हाईक खाकरलं. मग सोमाजी उठला आणि त्यानं मशीनचं बटण दाबलं.

पहिल्या फेरीत काजळी गेली, दुसऱ्या फेरीत आतून मधाच्या रंगाचा साग निघाला आणि वखारभर त्याचा वास सुटला. बनाबाई गुण्या हातात घेऊनच उभी होती. लाकूड आणि गुण्या यांच्यामधून जरा उजेड दिसला की ती तिथं बोट ठेवायची, "हितं अजून." सोमाजी पुन्हा लाकूड मशीनला लावायचा. संध्याकाळपर्यंत सगळी लाकडं चारी अंगांनी सरळ झाली.

पंधरवड्यात पलंग पडवीत आला. चार दिवसांनी दादाभाऊ आला, तेव्हा बनाबाई दुपारची त्यावर आडवी झाली होती. संघर्ष ताडकन उठला. दादाभाऊ आला की गावात सगळेच उठतात. बनाबाई कुशीवर वळून कोपरावर टेकली, तेवढंच.

"गादीसकट नवा बेड देतो," दादाभाऊ पलंगाच्या पायांवरून नजर न काढता म्हणाला. "वर काय हवं ते सांगा."

"लाकूड इकायचं न्हाई. पावणं म्हणून आलाय, तर बसा." तिनं पाय जवळ ओढून घेतले आणि पायथ्याला जागा केली.

दादाभाऊनं त्या जागेकडे पाहिलं. मग बनाबाईच्या पायांकडे. मग अंगणाकडे.

"नको, उभाच बराय मी."

"बरं," बनाबाई म्हणाली, आणि तिनं पाय पुन्हा लांब केले.