उणे चोवीस

ढोकीत दोन ऊसवाल्या भावांच्या घरी मी फायबरचं इंटरनेट जोडायला गेलो होतो. वाटणी झाल्यापासून दोघं बोलत नव्हते, म्हणून मधल्या भिंतीच्या दोन्ही अंगांना वेगळी जोडणी. तारेतून येणारा उजेड मोजायचं मीटर धाकट्याकडं उणे अठरा दाखवत होतं, थोरल्याकडं उणे चोवीस.

थोरल्या काकांनी दोन्ही आकडे विचारून घेतले आणि खुशीत चहा सांगितला. "म्हंजे आमच्याकडं जास्त हाय." आयुष्यभर कारखान्याच्या काट्यावर गाड्या चढवलेल्या माणसाला मोठा आकडा म्हणजे जास्त माल. 'उणे' त्यांनी ऐकलंच नव्हतं.

मला राहवलं नाही. म्हणालो, "काका, उण्यात उलटं असतं. दर तीनला उजेड अर्धा होतो. सहाचा फरक म्हणजे त्यांच्याकडं चौपट."

"मग आमचं नेट हळू चालंल?"

"न्हाय. एवढा उजेड नेटला पुरतो. दोघांचंबी सारखंच चालंल."

त्यांनी मधल्या भिंतीकडं बघितलं. "मग हिशेब करून सांगायची काय गरज हुती?"

चहा आला. मी तो उभ्यानंच प्यायलो. आजही मीटरवरचा आकडा मी सांगतो. त्याची फोड करायची की नाही, ते आधी मधली भिंत बघून ठरवतो.