गेममधल्या घरातली पेटी

या ग्रुपवरचे अनुभव माझी मुलगी पायल मला फोनवर वाचून दाखवायची आणि मी ब्लाउजला हुक लावता लावता हसायची. भूत, करणी, बाहेरचं... असलं काही मी कधी मानलं नाही. नवीन लग्न झालं तेव्हा भरवेलीच्या रस्त्यावरच्या एका चिंचेला सगळे घाबरायचे. मी त्याच झाडाखाली सायकल उभी करून पदरात चिंचा वेचून आणल्या होत्या. हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की ही बाई मुळातच भित्री असेल. नव्हते. आता आहे.

मी वंदना, वय अठ्ठेचाळीस, राहणार बालाघाट. घरीच शिलाईकाम करते. घरात मी, माझे मिस्टर आणि सासरे – आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. मिस्टर भरवेलीला नोकरीला आहेत, सकाळी मोटरसायकलने जातात, संध्याकाळी येतात. मामाजींचं वय ब्याऐंशी. सारी नोकरी बिरसाकडच्या जंगलात वनरक्षक म्हणून केली. माणूस ताठ, पण दोन वर्षांपासून विसरभोळेपणा फार वाढला होता.

घराची रचना नीट सांगते, कारण सगळं तिच्यावरच आहे. समोर हॉल, त्याला लागून स्वयंपाकघर आणि मागे मामाजींची खोली. त्या खोलीला एकच दार, ते हॉलमध्ये उघडतं. एक खिडकी, तिला लोखंडी गज. मामाजींना बाहेर जायचं तर हॉलमधून, माझ्या पलंगासमोरूनच जावं लागतं. दुसरा रस्ताच नाही.

मागच्या उन्हाळ्यात माझी कंबर गेली. स्लिप डिस्क. डॉक्टरांनी मशीन बंद करायला लावली आणि पडून राहायला सांगितलं. पायल नागपूरला नोकरी करते. ती आली आणि स्वतःचा जुना लॅपटॉप माझ्याजवळ ठेवून गेली, त्यात एक गेम टाकून. राजे-राण्या, जादूगार, डोंगर, नद्या... एवढं मोठं जग की कुठंही चालत सुटा. गेममधली माझी बाई धनुष्यवाली होती. पण लढाया मला जमेनात. मी आपली जडीबुटी तोडायची, कुणाचं चिलखत, कुणाची भांडी, जे सापडेल ते उचलायची. एकदा सगळं एका धर्मशाळेमागच्या पिंपात ठेवलं. काही दिवसांनी परत गेले तर पिंप रिकामं.

पायलला फोन केला तर ती हसत सुटली.

"मम्मी, दूसरे के डिब्बे में सामान नहीं रखते! दहा-बारा दिवस झाले की गेम ते रिसेट करतो, सब गायब. आपल्या मालकीचं घर मिळालं की त्यातली पेटी सेफ असते. उसमें रखा तो कभी नहीं जाता."

मग मी चार दिवस राबून एका तळ्याकाठच्या गावचं काम केलं आणि तिथल्या मुखियानं मला बक्षीस म्हणून घर दिलं. एक खोली, एक खाट, खाटेच्या पायथ्याशी लाकडी पेटी. पेटी उघडली की आत काय काय आहे त्याची यादी दिसते, समोर प्रत्येकाचं वजन. मला फार आवडायचं ते. दोऱ्यांची रिळं डब्यात रंगानं लावते तशी मी ती पेटी लावायची.

मे महिन्यातली गोष्ट. मामाजींचा चष्मा हरवला. अख्खं घर शोधलं, मिळाला नाही. दुपारी मी गेम लावला, पेटी उघडली, तर यादीत सगळ्यात खाली एक चष्मा. वाटलं, उचलला असेल कुठून. त्यावर बोट नेलं की वस्तूचं चित्र मोठं होतं...

चष्म्याच्या डाव्या दांडीला हिरवा दोरा गुंडाळलेला होता.

तो दोरा मी बांधला होता. मामाजींच्या चष्म्याची दांडी तुटली तेव्हा, मशीनवर लागलेलं हिरवं रीळ होतं, त्यातला तोडून.

मी स्क्रीनचा फोटो काढून पायलला पाठवला. तिनं इंटरनेटवर त्या गेममधल्या साऱ्या वस्तूंची यादी पाहिली. "मम्मी, चष्मा नावाची वस्तूच नाही या गेममध्ये," ती म्हणाली. मग म्हणाली, काहीतरी गडबड असेल, तू सोड. लॅपटॉपला नेटसुद्धा जोडलेलं नव्हतं.

मी पेटीतून तो चष्मा काढून माझ्या बाईच्या झोळीत टाकला. का टाकला ते विचारू नका, हात गेला. पाचेक मिनिटांत मामाजी खोलीतून बाहेर आले. डोळ्यांवर चष्मा.

"कुठी सापडला?" मी विचारलं.

"इथंच त होता, बाई. उशीजोळ."

ती उशी मी स्वतः तीनदा उचलून पाहिली होती.

त्यानंतर तंबाखूची डबी. मग छोटा रेडिओ. दर वेळी तेच – घरात वस्तू हरवायची, पेटीत दिसायची, मी बाहेर काढली की घरात सापडायची. आता खरं सांगते, लाज वाटते पण सांगते. पहिल्या धक्क्यानंतर मला ते बरं वाटायला लागलं. सोय झाली होती न! कंबर धरून पलंगाखाली वाकण्यापेक्षा बटण दाबणं सोपं. मिस्टरांना मी काही बोलले नाही. बोलले असते तर त्यांनी आधी लॅपटॉप बंद करायला लावला असता.

मग मामाजींची काठी गेली. आदल्या दिवशीच ते माझ्यावर खूप चिडले होते. वरण अळणी झालं म्हणून ताट सरकवलं होतं. काठी मला पेटीत दिसली. मी ती काढली नाही. मनात म्हटलं, राहू दे दोन दिवस, बसा शोधत. ते भिंतीला धरून धरून चालायचे. दिवसातून दहादा विचारायचे, "बाई, माह्यी काठी पाह्यली काय?" आणि मी म्हणायची, "नाही जी मामाजी."

चार दिवस मी असं केलं.

पाचव्या दिवशी दुपारी जेवण झालं. मामाजी भिंत धरत खोलीत झोपायला गेले. मी हॉलमध्ये पलंगावर, दाराकडे तोंड करून. बाहेर उन्हाची गरम लू चालली होती, रस्त्यावर चिटपाखरू नाही, फक्त कूलरचा आवाज. झोप अजिबात आली नव्हती. मी गेम लावला. म्हटलं, आज काठी देऊन टाकू.

पेटी उघडली. यादीत काठी होती. तिच्या खाली एक ओळ होती.

मनोहर. वजन एकोणपन्नास.

मामाजींचं नाव मनोहर. आठवडाभर आधीच दवाखान्यात त्यांचं वजन केलं होतं. एकोणपन्नास किलो.

"मामाजी?" मी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली, जोरात. मग कंबरेचा पट्टा आवळून उठले आणि खोलीत गेले. खाट रिकामी. गादीवर माणूस झोपल्याचा खळगा, खाटेखाली चपला जशाच्या तशा. खिडकीचे गज जागेवर. खाटेखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं, मोरीत, अंगणात... मिस्टरांना फोन लावताना दोनदा चुकीचा नंबर लागला.

"मामाजी घरात नाहीत," एवढंच बोलले.

"नाहीत म्हणजे? तू कुठी होती?"

"इथंच. दारासमोर. जागीच होतो मी."

"मी येऊन राह्यलो. तू बाहेर नको जाऊ."

अर्ध्या तासात ते आले. तोवर शेजारच्या भाभी आणि गल्लीतली चार माणसं जमली होती. मिस्टरांनी स्वतः ती खोली पाहिली, गादी उलटी केली. मग माझ्याकडे वळले. त्यांचा तसा चेहरा मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिला.

"तू जागी होती न?"

"हौ."

"मंग गेले कुठून?"

कोणी बस स्टँडकडे गेलं, कोणी स्टेशनकडे, मिस्टर वैनगंगेच्या घाटावर. भाभी म्हणाल्या, "दीदी, आप बैठो, मैं मोहल्ले में पूछती हूँ." घरात मी एकटी उरले. आणि पलंगावर तो लॅपटॉप, पेटी तशीच उघडी.

मी त्या नावावर बटण दाबलं.

स्क्रीनवर आलं – तुम्ही एवढं वजन उचलू शकत नाही.

मी रडत रडत झोळीतली आणि पेटीतली एकेक वस्तू टाकायला लागले. चिलखतं, जडीबुटी, चांदीची भांडी, दोन महिने जमवलेलं सगळं त्या घराच्या फरशीवर. शेवटी धनुष्यसुद्धा टाकलं. मग काठी घेतली. मग ते नाव. या वेळी ते माझ्या झोळीत आलं. पेटीतून गेलं.

मी खोलीकडे पाहिलं. काहीच नाही. दार उघडं, खाट रिकामी.

मग वाटलं, हे अजून त्या घरातच आहेत. यांना बाहेर न्यायला पाहिजे. पण वजन जास्त झालं की त्या गेममध्ये पळता येत नाही. माझी बाई वाकून एकेक पाऊल टाकत दाराकडे निघाली. लाकडी फरशी करकरत होती. पाच-सहा पावलांनंतर माझ्या लक्षात आलं – पावलांचे आवाज दोन आहेत. एक तिचा, आणि तिच्या मागे एक घासत येणारा. आणि मग लॅपटॉपच्या स्पीकरमधून खोकला आला. तो खोकला मी चोवीस वर्षं रोज पहाटे ऐकते.

मागे वळून पाहायची हिंमत झाली नाही. गेममध्येसुद्धा नाही. बटण दाबून धरलं, डोळे दारावर. दार आलं. उघडलं. स्क्रीन काळी झाली, बाहेरचं जग लोड व्हायला लागलं...

आणि पुन्हा खोकला आला. या वेळी खोलीतून.

मामाजी दारात उभे होते. एका हातात काठी, दुसरा चौकटीवर. मी धावत जाऊन त्यांना धरलं. बेचाळीस-त्रेचाळीसची गरमी होती त्या दिवशी, आणि त्यांचं अंग माठासारखं थंड. कपड्यांना बंद लाकडाचा वास.

माझ्याकडे पाहून म्हणाले, "केवढा वेळ लावला, बाई."

ओरडले असते, दोन शब्द बोलले असते, तर बरं वाटलं असतं. तसं काही नाही. एवढंच म्हणाले आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं.

मिस्टर आले, वडिलांना पाहिलं आणि जमिनीवरच बसले. लोकांना त्यांनी सांगितलं की बाबा खोलीतच होते, आम्हालाच दिसले नाहीत. लोक गेल्यावर मी म्हटलं, "तुम्ही तर गादी उलटून पाह्यली होती." ते म्हणाले, "हौ." त्या विषयावर ते त्यानंतर आजपर्यंत बोललेले नाहीत. डॉक्टर घरी आले, अंग एवढं थंड कसं ते त्यांनाही सांगता आलं नाही. गरम कपडे घाला म्हणाले. मे महिन्यात.

मामाजींच्या पाया पडून मी काठीचं कबूल केलं. त्यांना काठी हरवल्याचंच आठवत नव्हतं. माझ्यासाठी ते जास्त वाईट होतं.

रविवारी पायल नागपूरहून आली. मी नको नको म्हणत असताना तिनं माझ्यासमोर गेम लावला. तळ्याकाठचं घर, फरशीवर माझं सगळं सामान. तिनं पेटी उघडली. यादीत एकच ओळ होती. नावाच्या जागी काही नाही, कोरी. समोर वजन – अडतीस.

"ये क्या है?" पायल म्हणाली. तिनं ते उचलायचा प्रयत्न केला. काहीच होईना. "मम्मी, बग आहे. नावच नाही तर सिलेक्ट कसं होईल?" तिनं लॅपटॉप मिटला. मीसुद्धा स्वतःला तेच सांगितलं, बग आहे. दोन दिवस तेच सांगत राहिले.

ती परत गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामाजींना चहा दिला. ते बशीत चहा ओतून तसेच बसून राहिले. मग हळूच म्हणाले, "बाई, थे दुसरी निघाली काय?"

"कोण दुसरी?"

"तिथं होती न माह्याजोळ. बारीकशी बाई. अंधारात दिसत नव्हती, पण हात लागे तिचा. म्हणे, मी तुमच्या लय पहिले आलो. मले कोणी न्यायले येत नाही." मामाजींनी बशी खाली ठेवली. "तुह्या पावलाचा आवाज आला त मी म्हटलं, माह्यी सून आली. तशी तिनं माह्या कानात आपलं नाव सांगतलं. म्हणे, तुमच्या सुनेले सांगजा, नाव घेतलं का मले निघता येते."

"काय नाव सांगितलं, मामाजी?"

डोळे भरून आले त्यांचे.

"भुललो, बाई."

या गोष्टीला वर्ष होत आलं. माझी कंबर बरी आहे, मशीन पुन्हा सुरू केली. पायल म्हणते लॅपटॉप फॉरमॅट करून विकून टाकू. मी करू देत नाही. तो मी पुन्हा उघडलेलाही नाही, साडीत गुंडाळून कपाटात ठेवला आहे. ती बाई कोण, कुठली, तिथं कशी गेली, खरंच होती की म्हाताऱ्या माणसाच्या मनाचा खेळ... मला काही माहीत नाही. ज्यांना विचारलं त्यांनाही सांगता आलं नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर कळवा.

मामाजी आता बरंच विसरतात. कधी कधी मलाही ओळखत नाहीत. पण रोज सकाळी चहा घेताना ते हळू आवाजात बायकांची नावं घेत बसतात – शांता... कौसल्या... देवकी... – एकेक नाव घेतात, थांबतात, मान हलवतात, आणि पुढचं घेतात.