काळा स्पंज

आमच्या घरात अकरा वर्षं मी एकच वस्तू धुतली नव्हती. ह्यांच्या फिशटँकमधला फिल्टरचा स्पंज. काळा, बुळबुळीत, हात लागला तर तीनदा साबण लावावा असा. "धुऊ का?" विचारलं की हे म्हणायचे, "त्याला हात लावायचा नाही." का, तेही सांगायचे. पण समोरचा माणूस घाणीची बाजू घेऊन बोलायला लागला की माझे कान आपोआप बंद होतात.

कोपरखैरण्याच्या आमच्या वन बीएचकेत जिथे सोफा यायला हवा होता, तिथे तो टँक आहे. त्यात एंजल माशांची एक जोडी. एंजल आपली जोडी आपणच जमवतात, मध्यस्थ लागत नाही. मादी दगडी पाटीच्या तुकड्यावर अंडी घालायची, दोघं मिळून दोन दिवस पंखांनी अंड्यांना वारा घालायची आणि तिसऱ्या दिवशी दोघं मिळून ती खाऊन टाकायची. हे काचेला नाक लावून ओरडायचे, "गाढव!" एकदाच ह्यांनी अंडी वेळेवर बादलीत हलवली, त्यातली पाच पिल्लं जगली आणि मोठी होऊन आईबापांच्या शेजारी राहायला आली.

गाढव ही ह्यांची एकुलती एक शिवी. गळक्या नळाला गाढव, क्रिकेटच्या कॅप्टनला गाढव, सोसायटीच्या सेक्रेटरीलाही गाढव, पण दार लावून. मला मात्र कधी म्हणाले नाहीत. हिंमत नव्हती.

गेल्या वर्षी मे महिन्यात ह्यांना लकवा झाला. उजवा हात आणि वाचा, दोन्ही एकाच सकाळी गेले. त्या सकाळी जीभ जड झाली, तोंड जरा वाकडं दिसलं, तेव्हा मी म्हटलं, पित्त. आमच्याकडे प्रत्येक दुखण्याचं निदान पित्त आणि प्रत्येकावर उपाय कोकमाचं सरबत. सरबत हनुवटीवरून गंजीफ्रॉकवर ओघळलं तेव्हा कुठे मी शेजाऱ्यांना हाक मारली. मधे दीड तास गेला होता. डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून?" मी म्हटलं, "आत्ताच." त्या दीड तासाबद्दल मी कोणाजवळ चकार शब्द काढला नाही.

हे घरी आले तेव्हा एकच शब्द शिल्लक होता, "बरं." चहा ठेवू? बरं. दुखतंय का? बरं. तुमची बहीण महिनाभर राहायला येतेय. बरं. एरवी बायका ज्यासाठी उपास करतात, ते मला फुकट मिळालं होतं. आणि मी बाथरूमचा नळ सोडून रडायचे.

व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. तिने दिलेला चेंडू हे हातातून सोडून द्यायचे, बघायचेही नाहीत. पण माशांच्या खाण्यासाठी हात उचलायचे. चिमटीत चार दाणे धरायचे, हात टँकच्या काठापर्यंत न्यायचा, बोटं उघडायची. आधी मी कोपर धरायचे. ऑगस्ट उजाडेपर्यंत धरावं लागेना. ती मुलगी म्हणाली, "काका, मासे आहेत तोवर आपलं काम मस्त चाललंय." ती सहज म्हणाली असेल. मी मात्र ते धरून बसले.

मग गणपतीची साफसफाई निघाली. पंखे, जाळ्या, माळा, डबे, सगळं झालं आणि मी टँकपाशी आले. हे आत झोपले होते. नाही म्हणणारा माणूस आता फक्त बरं म्हणत होता. मी स्पंज काढला, नळाखाली धरला, भांड्यांचा साबण लावला, ब्रशने घासला. काळं पाणी येतंय, येतंय, आणि शेवटी शुभ्र! खरं सांगते, पोरीच्या दहावीच्या निकालाला इतका आनंद झाला नव्हता.

गणपती गेले आणि दुसऱ्याच दिवशी एक पिल्लू तरंगलं. मग दुसरं. बाकीचे वर पृष्ठभागाशी तोंड लावून धापा टाकत होते. मी शोभेच्या माशांच्या दुकानदाराला फोन केला. त्याने विचारलं, "काकी, अंगावर पांढरे दाणे?" नाहीत. "शेपटी कुजलीय?" नाही. "पोट फुगलंय?" जरासं, पण ते खाऊन असेल. त्याने निळं औषध दिलं. मग पिवळं. मग मी मोबाईलवर माशांचे सगळे रोग वाचून काढले, आणि वाचल्यावर प्रत्येक रोग आमच्याच माशांना झालेला दिसायला लागला. चार पिल्लं गेली. प्रत्येक वेळी हे झोपलेले असतानाच मी जाळी फिरवली. पण मोजता न यायला त्यांना काय झालं होतं? चिमटीतले दाणे सोडायला ते जास्त वेळ लावायला लागले. एक दिवस हात अर्ध्यावरच खाली आला.

श्रावण आणि गणपती सरले, तशी बोनकोड्याची आमची मासेवाली मावशी पुन्हा पाटी घेऊन आली. दाराशी पेपरवर पाचवं पिल्लू ठेवलेलं, तुळशीच्या कुंडीत पुरायला.

"ह्यं काय गो वयनी? पापलेटाचं पोर?"

"शोभेचा मासा आहे, मावशी. आजारी होता."

तिने पाटी खाली ठेवली, पिल्लू उचललं आणि अंगठ्याने कल्ला वर केला, बांगड्याचा करतात तसा.

"ताजा तं हाय. मंग कल्ला बग कसा झालाय. लाल पायजे ना? काताचा रंग आलाय. याला रोग नाय, पानी लागलंय. काय टाकलंस पान्यात?"

मी त्या कल्ल्याकडे बघत राहिले. पस्तीस वर्षं मी कल्ला उचलून बघितल्याशिवाय मासा घेतलेला नाही. मेलेल्या माशाची तब्येत मला तीन फुटांवरून कळते. घरात पाच मासे मेले आणि एकाचाही कल्ला मी उचलला नव्हता. का, तर ते खायचे नव्हते.

मी दुकानात गेले आणि कल्ल्याचा रंग सांगितला. दुकानदार एकदम सरळ बसला.

"काकी, फिल्टर धुतला?"

"धुतला."

"नळाखाली?"

"साबण लावून."

तो म्हणाला, माशांच्या घाणीचं पाण्यात विष होतं, आणि ते विष खाणारे जंतू त्या काळ्या स्पंजमध्ये राहतात. म्हणजे राहायचे. औषधाने काही होणार नव्हतं, उलट पाणी आणखी बिघडलं होतं. त्याने आपल्या टँकमधला एक घाणेरडा स्पंज पिशवीत घालून दिला, विरजण देतात तसा. शिवाय थोडं खडेमीठ, रोज थोडंथोडं पाणी बदलणं, आणि तीन दिवस खायला घालायचं नाही.

म्हणजे तीन दिवस दाणे नाहीत. संध्याकाळी हे खुर्चीत येऊन बसले आणि माझ्यासमोर हात पसरला. डबा माझ्याकडे होता. आता काय सांगणार?

मी म्हटलं, "अहो, स्पंज मी धुतला. तुम्ही अकरा वर्षं सांगत होतात. पाचही पिल्लं माझ्यामुळे गेली. आणि त्या दिवशी पित्त नव्हतं. दीड तास मी तुम्हाला सरबत पाजत बसले. लगेच नेलं असतं तर हात वाचला असता, बोलणं वाचलं असतं. मला भीती वाटली हो. मला वाटलं, पित्त म्हटलं की पित्तच होईल."

मी "बरं"ची वाट बघत होते. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. ओठ वाकडे झाले, गालाची शीर हलली, आणि एकेक अक्षर ओढून काढत म्हणाले,

"गा... ढव."

मी हंबरडा फोडला. मग डोळे पुसून पोरीला व्हिडिओ कॉल लावला आणि ह्यांच्याकडून तो शब्द आणखी दोनदा म्हणवून घेतला. पोरगी विचारत राहिली, कोणाला म्हणताहेत बाबा? मी म्हटलं, तू ऐक फक्त.

जोडी वाचली. दुकानदाराचा स्पंज आमच्या टँकमध्ये रुळला, छान काळा झाला, मी त्याच्याकडे बघतही नाही. दिवाळीच्या आसपास मादीने पाटीवर अंडी घातली. दोन दिवस दोघांनी वारा घातला. तिसऱ्या दिवशी सकाळी पाटी साफ होती. हे काचेजवळ वाकले, हात आपणहून उचलून काचेवर ठेवला आणि त्या दोघांनाही स्वच्छ म्हणाले, "गाढव."

मला जरा वाईट वाटलं. तो शब्द माझा आहे, असं मी धरून चालले होते.