दुधाच्या वेळेचं कॉलेज

निवृत्ती गेल्याचा फोन आला तेव्हा मी साताऱ्याच्या कोर्टात एका साक्षीदाराची उलटतपासणी घेत होतो. बांधाच्या भांडणाचा दावा, साक्षीदार वस्ताद, काही केल्या सरळ उत्तर देईना. माझ्या कारकुनानं शेजारी येऊन कानात सांगितलं, "साहेब, सांगलीवरनं ट्रंककॉल हुता. जाधवसर पहाटं गेलं." मी मान हलवली आणि साक्षीदाराला पुढचा प्रश्न विचारला. मग त्याच्या पुढचा. बाभळ बांधाच्या अलीकडे की पलीकडे, हे त्याच्याकडून वदवून घेतलं, कोट काढून हातावर टाकला आणि स्टँडवर गेलो. लोक म्हणतात हातपाय गळाले, डोळ्यांपुढे अंधारी आली. माझं तसलं काही झालं नाही. सांगलीच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली याचं बरंसुद्धा वाटलं. उंब्रजला गाडी थांबली. उंब्रज आमचं दोघांचं गाव. तिथे नेहमीसारखा खाली उतरलो, चहा प्यालो. गोड होता की अगोड, विचारू नका.

त्याला आता दीड महिना झाला. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी निवृत्तीबद्दल लिहा असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी पटकन हो म्हटलं. आता लिहायला बसलोय, तर सगळं आठवतंय, पण दुसऱ्या कुणाच्या तरी खटल्याचे कागद वाचावेत तसं. रडू आलेलं नाही. येईल म्हणतात. बघू.

आम्ही दोघं एकाच वर्षी पुण्याला लॉला गेलो, एका खोलीत राहिलो, एकाच स्टोव्हवर पिठलं शिजवलं. त्या काळी वकील व्हायचं म्हणजे पुणं, दुसरं काही नाही. साताऱ्याला परत आलो तेव्हा बाररूममध्ये आम्हाला एकच प्रश्न विचारला गेला, "पुणं ना?" हो म्हटल्याबरोबर खिडकीजवळच्या बाकावर मंडळी सरकली आणि आम्हाला जागा झाली. तिथे सगळे पुण्याचे. इतर ठिकाणी शिकलेले दाराशी, पाण्याच्या माठाजवळ. असा काही नियम नव्हता हो, कुणी कुणाला उठवत नसे, पण माठाजवळचा माणूस खिडकीशी आलेला मी कित्येक वर्षं पाहिला नाही. पक्षकारसुद्धा आधी विचारून घ्यायचे, "पुण्यात शिकल्यात न्हवं?" जसा काही पुण्याच्या नळाला कायदाच येत होता!

वकिली चांगली चाललेली असताना, सत्तर सालाच्या सुमाराला, निवृत्तीनं एकाएकी बिऱ्हाड उचललं आणि सांगलीला नव्यानं निघालेल्या लॉ कॉलेजात शिकवायला गेला. कॉलेज कसलं, एका शाळेच्या पत्र्याच्या खोल्यांत सकाळी सातला भरायचं आणि शाळेची पोरं यायच्या आत उठायचं. मी म्हटलं, "अरे, डोकं फिरलंय का तुझं? खिडकीजवळची जागा सोडून तिकडं खडू घासणार?" तो म्हणाला, "आपल्या वर्गातनं आपुन दोघंच पुण्याला पोचलो, शंकर. बाकीची काय बिनडोक हुती व्हय रं?" वर्गात तो पुस्तकासारखा बोलायचा म्हणे. माझ्याशी अखेरपर्यंत उंब्रजचंच. त्याच्या वर्गात बसायचे ते कचेरीतले कारकून, प्राथमिक शिक्षक, मिरजेच्या इस्पितळातला एक कंपाउंडर, पलटणीतून सुटून आलेला वडूजचा एक सुभेदार, आणि दूध घालून कॅन सायकलला तसेच लटकावून येणारे दोघे-तिघे. झालं! साताऱ्याच्या बाररूमनं लगेच बारसं उरकलं... दुधाचं कॉलेज. "पहाटे दूध घालावं आणि जाता जाता वकील होऊन यावं," असं आमच्या बारमधले सगळ्यांत ज्येष्ठ वकील म्हणाले. त्यांना सगळे मोठेसाहेबच म्हणत. खिडकीचं अख्खं बाक हसलं. मीही हसलो, विनोद चांगला होता. निवृत्तीला सांगितला तर तोही हसला. "खोटं काय हाय त्यात? वर्गात दुधाचा वास येतोय. पर बरा वास हाय गड्या, त्या गाईडांच्या शाईपरास." गाईडं वर्गात आणायची नाहीत, मूळ कलम उभं राहून मोठ्यानं वाचायचं, ही त्याची शिस्त. त्यापायी सुरुवातीचे निकाल इतके वाईट लागले की साताऱ्यात आणखी विनोद झाले.

मंगल ही निवृत्तीची एकुलती एक मुलगी. बी.ए.ला तिला असे मार्क पडले की पुण्याच्या लॉ कॉलेजात जागा मिळणारच होती. माझ्या बहिणीकडे राहायचं ठरलं, वहिनींनी ट्रंक भरायला घेतली. आणि नेमका तो दुष्काळातला उन्हाळा. वडूजकडची, आटपाडीकडची पोरं शिक्षण सोडून गावी गेली. कुणी खडी फोडायच्या कामावर मुकादम झाला, कुणी नुसताच घरी बसला. वर्ग ओस पडले. संस्थेची मंडळी कॉलेज बंद करायचं बोलू लागली. बाजारात, न्हाव्याकडे, जो तो निवृत्तीला विचारी, "सर, पोरीला कुठं घालणार?" सहज विचारल्यासारखं विचारायचे, पण सगळ्यांचे कान तिकडेच. जाधवसरांची स्वतःची पोरगी पुण्याला गेली, तर या कॉलेजात मग कुत्रं तरी जाणार होतं का?

मी एका कामासाठी सांगलीत होतो आणि दुपारी त्यांच्याकडेच जेवायला बसलो होतो. भाकरी मोडता मोडता निवृत्ती म्हणाला, "मंगल हितंच शिकंल."

वहिनी म्हणाल्या, "आवं, ट्रंक भरली की तिची."

"रिकामी कर."

मंगल वाढत होती. ती खाली बसली. "आबा," ती म्हणाली, "तुमच्या कॉलेजला नाव यायला दहा वर्षं लागतील. तोवर मी काय करू?"

"तेवढी लागायची न्हाईत."

"आणि लागली तर?"

त्यानं ताक मागितलं. मी मध्ये पडलो, म्हटलं, अरे, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे, कॉलेज काय आज आहे उद्या नाही. "तू गप बस," म्हणाला. मी गप बसलो. त्याच्या घरात त्याचा निकाल शेवटचा होता, वर अपील नव्हतं.

जूनमध्ये मंगल वर्गात पहिल्या बाकावर बसली. ती बसली आणि आणखी काही घरांतली पोरं बसली. कॉलेज तगलं. वर्गात वडिलांना 'सर' म्हणायचं, हे बरोबरच आहे. पण ती घरीही 'सर' म्हणू लागली. "सर, पाणी तापलंय." "सर, वाढलंय." सकाळी बोळातून त्याची सायकल काढून, सीट पुसून, दाराशी उभी करायची आणि आत हाक मारायची, "सर, सायकल काढलीय." मग स्वतः मागून चालत जायची. आधी वाटलं, चेष्टा आहे. उद्धटपणा म्हणावा तर आवाजात तसं काही नाही, सेवेत तर तसूभर कमी नाही. वहिनी एक-दोनदा रागावल्या, मग त्यांनीही नाद सोडला. 'आबा' ही हाक त्या घरातून गेली ती गेलीच.

सनद मिळाल्यावर वडिलांच्या ओळखीवर काम नको म्हणून ती साताऱ्याला माझ्याकडे आली. माझी ज्युनिअर, मुक्काम आमच्याच घरी. पहिल्याच दिवशी मोठेसाहेबांनी विचारलं, "कुठलं कॉलेज?"

"सांगली."

"हां... दुधाचं."

"हो," म्हणाली आणि माठाजवळच्या खुर्चीवर जाऊन बसली. मी खिडकीशी जागा करून दिली, आली नाही. पक्षकार माझ्या कारकुनाला बाजूला घेऊन विचारायचे, "बाई शिकल्यात कुठं?" सांगली म्हटलं की, "मग सायबास्नीच हुबं ऱ्हावा म्हणावं." दोन वर्षं ती कोर्टात तारीख मागण्यापलीकडे फारसं काही बोलली नाही. तक्रारही केली नाही. घरी येऊन माझ्या धाकट्या पोरांचा अभ्यास घ्यायची.

निवृत्ती अधूनमधून साताऱ्याला यायचा. ती कामात असली की मला कोर्टाबाहेरच्या हॉटेलात न्यायचा.

"बोलती का रं तुझ्याशी?"

"बोलते की."

"माझं कवा काय काढती का?"

"सर बरे आहेत ना, म्हणून विचारते."

त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "अख्खी सांगली मला सर म्हणती, शंकर. घरात एकानं तरी..." त्यानं पोऱ्याला हाक मारून भजी सांगितली.

आणि मग त्या कॉलेजचं नाव झालं. कसं झालं ते मला आजही सांगता यायचं नाही. वडूजचा तो सुभेदार सरकारी वकील झाला. कचेरीतला एक कारकून न्यायाधीश होऊन साताऱ्यालाच आला, आणि तो खुर्चीवर बसला त्या दिवसापासून बाररूममध्ये दुधाचा विषय कुणी काढला नाही. लग्नाच्या बोलण्यात "मुलगा सांगलीचा वकील आहे" असं लोक आवाज चढवून सांगू लागले. अहो, पत्रे तेच, बाक तेच, शिकवणारा निवृत्ती तोच! काल ज्याला हसत होते त्याची आज वाखाणणी. पुण्याचं नाव काही बुडालं नाही, पण खिडकीजवळ बसून नुसतं 'पुणं' म्हटलं की भागायचं, ते भागेनासं झालं. एक दिवस खुद्द मोठेसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "आमच्या नातवासाठी जाधवांना एक शब्द टाका की." निवृत्तीला सांगितलं तर म्हणतो, "यिऊ दे की. पर सकाळी सातच्या आत उठतोय का, त्येवढं इचार." मंगलकडेही आपणहून पक्षकार येऊ लागले. दहा वर्षं लागली नाहीत, निवृत्तीचंच खरं झालं. पण तिची ती वर्षं मात्र माठाजवळ गेली, ती कोण परत देणार? आजही ती त्याच खुर्चीवर बसते.

त्याची माझी शेवटची भेट मिरजेला झाली. छातीत दुखतं म्हणून त्याला तिथल्या इस्पितळात ठेवलं होतं. डॉक्टरांनी सायकल बंद केली होती आणि त्यावरून स्वारी चिडलेली. पण खरं कारण निराळंच होतं. नाव झाल्यावर गर्दी झाली, गर्दी झाल्यावर संस्थेनं नवी इमारत बांधली, आणि नव्या इमारतीत कॉलेज अकराला भरवायचं ठरलं. चांगल्या घरची मुलं येतात, सातची वेळ शोभत नाही म्हणे.

"कचेरीतल्यानं आन् दूधवाल्यानं आता कवा शिकायचं रं?" तो म्हणाला. "ज्येंच्या जिवावर नाव झालं, त्येंच्याच तोंडावर दार लावत्यात. आन् ह्यासाठनं मी पोरीची वर्सं घातली, शंकर."

मी म्हटलं, "तिला एकदा विचारून टाक की. रागावलीयस का म्हणून."

"इचारून काय हुतंय? 'नाही, सर' म्हणंल."

मी हसलो. तो हसला नाही. उशाशी ठेवलेली मोसंबी मला दिली, म्हणाला, खा, मला गोड लागत न्हाई. मी सोलून खाल्ली आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठलो. एवढीच ती भेट. काही ठरवून, निरोपाचं असं बोलणं झालं नाही.

मी सांगलीला पोचलो तेव्हा सगळं आटोपत आलं होतं. घाटावर माणूस मावत नव्हता, कितीतरी काळे कोट. घरी गेलो तर मंगल आईला धरून दारात उभी होती. मला म्हणाली, "काका, सर गेले." इतकी वर्षं ऐकलेला शब्द, पण तेव्हा कसासाच लागला. डोळे कोरडे होते तिचे, माझ्यासारखेच.

गेल्या आठवड्यात नव्या इमारतीत शोकसभा झाली. मोठेसाहेब साताऱ्याहून मुद्दाम आले, कॉलेजच्या लौकिकावर पुष्कळ बोलले. जाधवसर, जाधवसर, जाधवसर... माझ्यावर बोलायची पाळी आली तेव्हा मी दोन वाक्यं बोलून खाली बसलो. सभा उशिरा संपली म्हणून मी निवृत्तीच्याच घरी बाहेरच्या खोलीत झोपलो. मंगल अजून आईजवळच राहते आहे, महिनाअखेर साताऱ्याला येईन म्हणते.

सकाळी बोळात खडखड झाली तशी मला जाग आली. मंगल सायकल काढत होती. डॉक्टरांनी बंद केल्यापासून ती तशीच भिंतीला टेकून होती, चाकातली हवा गेलेली. तिनं पदरानं सीट पुसली, हँडल पुसलं, सायकल दाराशी आणून उभी केली. रस्त्यावरून दूधवाला घंटी वाजवत गेला. मग तिनं आतल्या खोलीकडे तोंड केलं आणि हाक मारली, "आबा, सायकल काढलीय."

मोठ्यानं नाही, रोजच्यासारखीच हाक. आत वहिनी जाग्या असणार. मंगल सीटवर हात ठेवून तशीच उभी राहिली. मी पांघरुणात पडून होतो. त्या हाकेला कुणी तरी ओ द्यायला हवी होती.