आत्याने हौदावर घर पाहिले

सांगलीहून निघालो तेव्हा माझ्या बगलेत वळकटी होती आणि आत्याच्या काखेत तांब्याची कळशी. साताऱ्याच्या एका शाळेत मला मास्तरकी मिळाली होती आणि बिऱ्हाडासाठी जागा बघायला आम्ही दोघे चाललो होतो. मी रांगता असतानाच आई गेली. मला वाढवले ते या विधवा आत्याने. तिने आधीच बजावले होते, "दत्तू, जागा मला पसंत पडली तर येईन. नाहीतर तू जा, मी राहते इथे एकटी." म्हातारीला एकटी टाकून जाणे माझ्याने होणार नव्हते, आणि मास्तरकी सोडली तर दोघांनी कृष्णेचे पाणी पिऊनच दिवस काढायचे होते.

गाडीत आत्याने लसूण-तिखट लावलेल्या चुरमुऱ्यांचा, भडंगाचा पुडा सोडला. समोर रजेवर आलेला पलटणीतला शिपाई बसला होता. तोफांच्या धुरात ज्याचे डोळे ओले झाले नसतील, तो गडी एका घासात रडू लागला आणि रडत रडत दुसरी मूठ मागू लागला.

सातारा रोडला उतरून मोटार धरली. लढाईमुळे पेट्रोल नाही, म्हणून मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी बांधलेली. चढ आला की ड्रायव्हर म्हणे, "उतरा मंडळी, जरा पाय मोकळे करा." पाय मोकळे करायचे म्हणजे मोटार ढकलायची. मोटारीने आम्हांला साताऱ्याला नेले की आम्ही मोटारीला, हा वाद अजून मिटलेला नाही.

गावावर अजिंक्यतारा किल्ला इतका ओणवलेला, की घरात टोपी टांगायला खुंटीची गरज पडू नये. पेठांना वारांची नावे. झपझप चालणाऱ्या माणसाचा आठवडा जेवणाआधीच उरकतो. पाणी येते कासच्या तलावातून, डोंगर उतरून, मातीच्या खापरी नळांमधून, ते पेठेपेठेतल्या दगडी हौदांत.

मंगळवारातली जागा पाहताच मी हरखलो. हवेशीर माडी, खिडकीत अख्खा किल्ला. मालक पेढा पुढे करत होते आणि मी तोंड उघडणार, एवढ्यात खाली पाहिले. आत्याने सगळ्या बायकांच्या पुढे आपली कळशी हौदाला लावली होती! पण बायका गोड हसल्या. "असू द्या हो, आधी तुम्ही भरा."

आत्या वर आली. "नको ही जागा."

शनिवारात तिने तेच केले. तिथल्या बायकांनी घागरी उचलल्या, घरात गेल्या आणि दारे लावून घेतली. "नको."

"अगं, रांग मोडतेस, लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतात तेच ऐकायला जाते मी."

तिसरी जागा चिमणपुऱ्यात. जिना असा उभा, की चढताना गुडघे हनुवटीला लागत. खिडकीतून समोरची भिंत दिसे, आणि ती भिंतही शेजाऱ्याची. मी नाक मुरडतोय तोच खाली हौदावर एका बाईच्या तोंडाची तोफ उडाली.

"आवं आजी, रांग हाय हितं! तुमी सांगलीच्या म्हनताय, तितं नदी हाय म्हून कुटनंबी उपसत आसाल. हितं पानी डोंगरावनं चालत येतं!"

"चालत येतं तरीच एवढं दमलंय! शेळीची धार याहून जाड असते."

"आन तुमची किस्ना? समद्या मुलखाची म्हसरं धुऊन येती!"

"म्हशी धुतल्या तरी जातात, बाई! तुझी घागर चिंचेनं कधी घासली होती, लग्नात?"

भांडण इतके रंगले की किल्ल्यावरची माकडे खाली ऐकायला आली. मी तीन-तीन पायऱ्या टाकत धावलो. पाहतो तर ती बाई आत्याला तांब्या देत होती. "घ्या, घसा सुकला आसंल. लय दिसानं आसं भांडान झालं बगा. धनी लढाईवर गेल्यापास्नं घरात भांडाय मानूस न्हाई. कोंडाबाई म्हनत्यात मला. जेवलाय का न्हाई?"

आम्ही तिच्याकडे पिठले-भाकरी खाल्ली. जेवतानाही पिठल्यातल्या मिठावरून दोघींचे वाजले. हात धुता धुता आत्या म्हणाली, "दत्तू, ही जागा घे."

"अगं, तू अजून जिना चढली नाहीस!"

"चढेन की, राहायला आल्यावर."

परतीच्या गाडीत कराड मागे पडले तरी मी त्या हवेशीर माडीसाठी हळहळत होतो. शेवटी विचारलेच. ती म्हणाली, "अरे, तू दिवसभर शाळेत. मी चार दिवस हौदावर दिसले नाही, तर त्या मंगळवारातल्या आपापल्या घरी गोडच राहतील. ही बाई पहिल्याच सकाळी दार वाजवेल, 'हारलासा काय आजी' म्हणून. अंथरुणावर पडलेल्या माणसाला दार वाजवणारं कुणी लागतं."

घर बघायला गेलेला मी खिडकीतून बाहेर काय दिसते एवढेच बघत आलो होतो. आत कोण डोकावेल, हे मला सुचलेच नव्हते.

सांगलीला उतरलो. टांगेवाला नेहमीच्या रस्त्याला घोडे वळवू लागला, तशी आत्याने कळशी मांडीवर घेतली आणि म्हणाली, "बाबा, आज नदीकाठानं ने. सावकाश ने. आता इथं यायचं ते पाहुणी म्हणून."